आचार्यांची दिशा : थेरांचे स्तूप आणि अंतेवासींची वाक्ये

चेन्नईच्या एग्मोर भागातील शासकीय संग्रहालयात अमरावतीचे स्वतंत्र दालन आहे. आंध्र प्रदेशात कृष्णा नदीच्या काठी उभा असलेला महाचैत्य आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याचे शिलापट्ट, स्तंभ आणि वेदिकेचे तुकडे या दालनात मांडलेले आहेत. यांतील काही पट्टांवर शिल्पकारांनी स्तूपच कोरला आहे. वर्तुळाकार मेधी, तिच्यावरील अंड, माथ्यावरची हर्मिका, छत्रांची दाटी, भोवती वेदिका आणि हात जोडून उभे असलेले उपासक असे सारे त्यात आहे. मूळ वास्तू कशी असावी याचा अंदाज अभ्यासक या चित्रांवरूनच बांधतात. स्तूप गेला आणि स्तूपाचे चित्र उरले, असा हा प्रकार आहे.

हे कसे घडले, याचा इतिहास सर्वज्ञात आहे. स्थानिक जमीनदाराने नव्या नगराच्या उभारणीसाठी ‘दीपालदिन्ने’ नावाच्या टेकाडातील दगड काढण्यास सुरुवात केली होती. त्याच सुमारास, १७९७ मध्ये, कॉलिन मॅकेंझी तेथे पोहोचला. १८१६ मध्ये त्याने पुन्हा येऊन नकाशे व रेखाचित्रे करविली. १८४५ मध्ये वॉल्टर इलियटने उत्खनन करून बरेच पट्ट मद्रासला पाठविले. ते काही वर्षे उघड्यावर पडून होते. १८५९ मध्ये त्यांतील मोठा भाग लंडनला रवाना झाला. पुढे १८७७ मध्ये रॉबर्ट स्यूएल आणि १८८१-८२ मध्ये जेम्स बर्जेस यांनी तेथे काम केले, तोवर टेकाडाच्या मध्यभागी फारसे काही शिल्लक राहिले नव्हते. मद्रासला आलेल्या शिल्पांची चिकित्सक सूची सी. शिवराममूर्ती यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केली. भारतीय शिल्पकलेच्या अभ्यासात तिचे स्थान आजही मोठे आहे.

या दालनातील शिल्पांचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु स्तूप म्हणून त्यांच्याकडे पाहू लागले की काही गोष्टी अडतात. भिंतीलगत मांडलेल्या पट्टांना प्रदक्षिणा घालता येत नाही. त्यांना मध्य नाही, आणि मध्य नसल्यामुळे दिशाही नाही. याच संग्रहालयात भट्टिप्रोलूच्या स्तूपातील धातुकरंडक आहेत. १८९२ मध्ये अलेक्झांडर री यांना ते सापडले. त्यांवरील ब्राह्मी लेखांची लिपी इतरांहून काहीशी वेगळी असल्यामुळे लिपीच्या इतिहासात त्यांना विशेष महत्त्व आहे. करंडक मद्रासमध्ये राहिले. त्यांत मिळालेला अस्थिधातू मात्र पुढे महाबोधी सभेकडे सोपविण्यात आला आणि १९२० मध्ये कलकत्त्याच्या धर्मराजिक विहारात त्याची प्रतिष्ठापना झाली. पात्र एका नगरात आणि त्यातील वस्तू दुसऱ्या नगरात अशी ही विभागणी आहे. पुरातत्त्वाने पात्राची काळजी घेतली आणि श्रद्धेने आतील वस्तूची. दोघांनीही आपापले काम चोख केले, पण त्यामुळे स्तूप या संकल्पनेचे दोन तुकडे झाले.

स्तूप म्हणजे नेमके काय, हा प्रश्न भव्य महाचैत्यांपाशी उभे राहून सोडविणे कठीण जाते. तेथे कलेचा आणि राजाश्रयाचा दिमाख दृष्टी वेधून घेतो. त्याचे उत्तर लहान स्तूपांपाशी, बुद्धाच्या नव्हे तर त्याच्या परंपरेतील आचार्यांच्या स्तूपांपाशी, अधिक स्पष्टपणे मिळते. आणि असे स्तूप जितक्या संख्येने महाराष्ट्राच्या डोंगरांत टिकून आहेत, तितके अन्यत्र क्वचितच असतील.

आचार्यासाठी स्तूप उभारण्यास शास्त्राचा आधार आहे. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात चार व्यक्ती स्तूपार्ह म्हणून सांगितल्या आहेत : तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागताचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. यांतील तिसऱ्या प्रकाराकडे कलेतिहासाचे लक्ष फारसे गेले नाही. वास्तविक सांचीच्या टेकडीवरच त्याचा ठळक पुरावा आहे. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी तेथील स्तूप उघडले. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात सारिपुत्त आणि महामोग्गल्लान या दोन अग्रश्रावकांचे धातू सापडले. दुसऱ्या स्तूपात दहा आचार्यांचे धातू निघाले. त्यांत कासपगोत आणि मझिम ही नावे आहेत, आणि सिंहलद्वीपाच्या दीपवंसात हिमालय प्रदेशात धर्मप्रसारासाठी गेलेल्यांमध्ये याच नावांचे थेर येतात. सांचीच्या मुख्य स्तूपाची तोरणे जगभर प्रसिद्ध पावली. टेकडीच्या उतारावर, जरा खाली असलेला दहा आचार्यांचा स्तूप पाहण्यासाठी मात्र मुद्दाम वाट वाकडी करावी लागते.

या विषयाचा विस्तृत विधी मूलसर्वास्तिवाद संप्रदायाच्या विनयात आला आहे. सारिपुत्राच्या निधनानंतर अनाथपिंडद त्याच्या स्तूपासाठी अनुज्ञा मागतो. ती देताना बुद्ध स्तूपाची रचना सांगतो आणि त्याबरोबरच छत्रांची मर्यादाही घालून देतो. अर्हतासाठी चार छत्रे, अनागामीसाठी तीन, सकृदागामीसाठी दोन, स्रोतआपन्नासाठी एक. आणि केवळ शीलवान असलेल्या सामान्य भिक्षूसाठी छत्राविना साधा स्तूप. स्तूप कोठे असावेत, याचाही नियम आहे. हयात असताना ज्येष्ठतेच्या ज्या क्रमाने थेर बसत, त्याच क्रमाने त्यांचे स्तूप मांडावयाचे. म्हणजे मृत आचार्य संघाच्या बैठकीतून उठून जात नाहीत. त्यांचे आसन तेवढे बदलते. विनयाच्या कोरड्या वाटणाऱ्या भाषेत व्यक्त झालेली ही कल्पना विलक्षण आहे.

या पार्श्वभूमीवर मावळातील भाजे येथील लेणी पाहावीत. मळवली स्थानकापासून जवळ, लोहगड-विसापूरच्या कुशीत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून ही लेणी कोरली गेली. चैत्यगृहाच्या दक्षिणेस, कड्याच्या पोटाशी चौदा स्तूपांचा एक समूह आहे. काही स्तूप कातळाच्या छताखाली आहेत, उरलेले बाहेर. आकाराने ते लहानमोठे असून शोभेचे काम बेताचेच आहे. वाटसरूला ते पिंडीसारखे वाटावेत. पण त्यांतील काहींवर ब्राह्मीत लेख आहेत, आणि त्या लेखांत धमगिरी, संघदिन यांसारख्या थेरांची नावे आहेत. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांचे जे लेख प्रसिद्ध केले, त्यांत यांचा समावेश होता. अमरावतीत काम करणारा बर्जेस आणि भाज्याचे लेख छापणारा बर्जेस एकच. एका वर्षी त्याच्यासमोर नावांपुरते उरलेले छोटे स्तूप होते, तर पुढच्या वर्षी मध्य हरवलेला महाचैत्य.

भाज्याच्या लेखांचे स्वरूप अगदी साधे आहे. ‘थेरानं’ आणि ‘भयंत’ ही आदरवाचक पदे, मग षष्ठीतील नाव, आणि शेवटी ‘थूपो’. एवढ्यावर वाक्य संपते. त्याला क्रियापदही नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने या वाक्याकडे दोन कारणांसाठी लक्ष द्यावे. पहिले कारण म्हणजे त्यातील बहुवचन. थेर एकच आहे, स्तूपही एकाचाच आहे; पण ‘थेरानं’ हे रूप अनेकवचनी आहे. मराठी माणूस ‘गुरुजी आले’ असे म्हणतो, तेव्हा तो याच आदरार्थी बहुवचनाचा अवलंब करीत असतो. ज्या अक्षी येथील लेखाकडे मराठीचा आद्य शिलालेख म्हणून बोट दाखविले जाते, तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा. त्याच्या हजारभर वर्षे आधी, याच भूमीतील प्राकृतात आचार्याचे नाव बहुवचनाने घेतले जात होते.

दुसरे कारण षष्ठी विभक्तीचे. या लेखांत ‘अमक्याच्या स्मृतीसाठी’ असे म्हटलेले नाही. ‘अमक्यांचा स्तूप’ असेच म्हटले आहे. घर अमक्यांचे असते, शेत अमक्यांचे असते, तसा हा स्तूप त्या थेरांचा आहे. स्मारक जिवंतांच्या मालकीचे असते. येथे मृताला स्वामित्व दिले आहे. अमरावतीच्या लेखांतही हीच रीत दिसते. भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या नागसेन नावाच्या भिक्षूच्या लहान चैत्याचा उल्लेख तेथील एका लेखात येतो. महाचैत्याच्या छायेत अशा लहान चैत्यांनाही जागा होती, हे त्यावरून कळते. अलीकडच्या काळात ग्रेगरी शोपेन यांनी या लेखांचा एकत्रित विचार करून स्थानिक मृत भिक्षूंची पूजा हा भारतीय बौद्ध विहारांच्या जीवनाचा नित्याचा भाग होता, असे दाखवून दिले आहे. लेण्यांकडे केवळ वास्तुकला म्हणून पाहण्याची सवय त्यामुळे काहीशी मोडली.

मग या स्तूपांचा कर्ता कोण? भाज्याचे लेख येथे मौन पाळतात. पवना खोऱ्याकडील बेडसे लेण्यांत मात्र उत्तर मिळते. तेथे चैत्यगृहाच्या जवळच एक छोटा शैलस्तूप आहे, आणि त्याच्या मागच्या भिंतीवरील लेख गोभूती नावाच्या भिक्षूचा परिचय देतो. गोभूती अरण्यात राहणारे होते, पिंडपातावर, म्हणजे दारोदार मिळणाऱ्या भिक्षेवर, जगणारे होते आणि मारकूड येथे त्यांचा निवास होता. त्यांचा हा स्तूप त्यांच्या अंतेवासीने, भट असळमिताने, म्हणजे आषाढमित्राने, करविला. सारा लेख एका वाक्याचा आहे. परंतु त्या एका वाक्यात एक चरित्र आहे, एक नाते आहे आणि एक विरोधाभासही आहे. जो माणूस आयुष्यभर वसतीपासून दूर राहिला, ज्याने धान्याचा संचय केला नाही, छपराची आस धरली नाही, त्याच्या नावे त्याचा शिष्य डोंगराच्या कातळात कायमचे ठिकाण कोरून ठेवतो. गोभूतींना हे रुचले असते का, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. पण स्तूपाची गरज गुरूला नव्हती, ती शिष्याला होती. ‘अंतेवासी’ या शब्दाचा अर्थच जवळ राहणारा असा आहे. ज्याच्या जवळ राहायचे तो गेल्यावर अंतेवासीने राहायचे कोठे? त्याचे उत्तर आषाढमित्राने छिन्नीने दिले.

गुरूच्या ठिकाणाकडे शिष्याने वळावे, या भावनेची एक सुंदर कथा सारिपुत्ताविषयी सांगितली जाते. सारिपुत्ताला धर्माचा पहिला स्पर्श झाला तो अस्सजी या थेराच्या मुखातून. कारणांपासून उद्भवणाऱ्या गोष्टींविषयीची ती छोटी गाथा ऐकून त्याने जुना पंथ सोडला. पुढे तो बुद्धाचा अग्रश्रावक झाला, प्रज्ञेत अस्सजीच्याही पुढे गेला. तरीही अस्सजी ज्या दिशेला असतील त्या दिशेला तो रोज नमस्कार करी आणि तिकडेच डोके करून निजे. धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितल्याप्रमाणे, काही भिक्षूंना तो दिशांची पूजा करतो असे वाटले आणि त्यांनी तक्रार केली. तेव्हा बुद्धाने खुलासा केला, की सारिपुत्त दिशेला वंदन करीत नाही, तो आपल्या आचार्याला वंदन करतो. अस्सजी हयात होते, त्यामुळे त्यांच्या विहाराबरोबर सारिपुत्ताची दिशा बदलत असे. आचार्य निवर्तल्यावर ही दिशा स्थिर करण्याचा उपाय म्हणजे स्तूप.

या कथेचा दुसरा दुवा मुंबईजवळच्या कान्हेरीत आहे. १८३९ मध्ये जेम्स बर्ड याने तेथील मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक स्तूप खणला. त्यात त्याला रक्षेने भरलेली तांब्याची पात्रे, सोन्याची व चांदीची लहान डबी आणि ताम्रपट मिळाले. त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ४९४ च्या सुमारास, सिंधु विषयातील कनक नावाच्या गावच्या बुद्धरुचीने कृष्णगिरीच्या महाविहारात शारद्वतीपुत्राचा चैत्य उभारल्याचे ताम्रपटावर नोंदलेले होते. शारद्वतीपुत्र म्हणजे सारिपुत्र. त्याच्या निधनाला त्या वेळी नऊ-दहा शतके लोटली होती. सिंध देशातून आलेल्या उपासकाने कोकणातल्या डोंगरावर त्याला ठिकाण द्यावे, आणि जो आयुष्यभर आपल्या आचार्याच्या दिशेला वळत राहिला त्याच्या दिशेला आता इतरांनी वळावे, असा हा योग आहे. हा ताम्रपट आज उपलब्ध नाही. बर्डने तो छापला म्हणून बुद्धरुचीचे नाव उरले. एखाद्या स्तूपाचे उत्खनन म्हणजे त्याचा विध्वंस आणि त्याच्या नावाचे रक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत असतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कान्हेरीतच, लेण्यांच्या एका टोकाला, कड्याच्या लांबलचक छताखाली शंभराहून अधिक विटांच्या स्तूपांचे अवशेष ओळीने आहेत. १८५३ मध्ये ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी कान्हेरीत उत्खनन केले होते. मातीचे मुद्राठसे त्यांना मिळाले. त्यांवर अस्सजीने सारिपुत्ताला ऐकविलेली तीच गाथा उमटवलेली होती. अस्थी न मिळाल्या तर धर्माचा शब्द हाच धातू, अशी धारणा पुढील काळात बौद्ध जगात सर्वत्र रूढ झाली, तिचा हा अवशेष होय. या स्तूप-वीथीतील खरा खजिना मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आला. साफसफाईत सापडलेल्या दगडांवरील त्रुटित लेखांचे वाचन शोभना गोखले यांनी केले आणि कान्हेरीच्या समग्र लेखांवरील त्यांचा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारणपणे पाचव्या-सहाव्या शतकांतील हे लेखही ‘अमक्या थेरांचा स्तूप’ याच घाटणीचे आहेत. फरक इतकाच, की येथे नावाला साधनेची विशेषणे जोडली आहेत. कोणी अर्हत होते, कोणी अनागामी, कोणी सहा अभिज्ञांनी युक्त. मूलसर्वास्तिवाद विनयात जे छत्रांच्या संख्येने सांगावयाचे, ते कान्हेरीत शब्दांनी सांगितले आहे. ही ओळ म्हणजे एका विहाराची गुरुपरंपराच होती. नव्याने आलेला श्रामणेर तिच्यासमोरून चालत जाताना आपल्या विहारातील आचार्यांची नामावळी वाचीत जाई, असे मानावयास हरकत नाही.

स्तूपाची प्रतिष्ठा कशाने होते, याचे उत्तर या साऱ्या उदाहरणांतून हळूहळू आकाराला येते. विटांच्या स्तूपात मध्यभागी करंडक ठेवून त्यावर बांधकाम चढविले जाई. सोने, मोती, रत्ने ही अस्थींची सोबत असे. कातळात कोरलेल्या स्तूपाला असे पोट नसते. तेथे धातू ठेवावयाचा झाला तर माथ्यावरील खोबणीतच. भाज्याच्या काही स्तूपांवर अशी खोबण दिसते. सर्वांवर ती नाही. तेथे प्रतिष्ठा होते ती नावाने आणि उपासकाच्या प्रदक्षिणेने. धातू, नाव, ठिकाण आणि वंदन अशा चार गोष्टी एकत्र आल्या की स्तूप सिद्ध होतो. यांतील एखादी नसली तरी भागते. चारांपैकी नाव आणि ठिकाण यांची फारकत मात्र त्याला सोसत नाही.

या परंपरेची एक दुखरी बाजूही आहे, आणि ती दडविण्याचे कारण नाही. पाली विनयातील भिक्षुणीविभंगात एक प्रसंग येतो. भिक्षुणींच्या एका गटातील ज्येष्ठ भिक्षुणी निवर्तली. तिच्या सोबतिणींनी दहनसंस्कार करून तिचा स्तूप उभारला आणि तेथे जाऊन त्या शोक करू लागल्या. जवळच राहणाऱ्या कप्पितक नावाच्या स्थविराला त्या आवाजाचा उपद्रव झाला आणि त्याने तो स्तूप मोडून टाकला. संतापलेल्या भिक्षुणींनी त्याला ठार मारण्याचा बेत केला. उपाली थेराने आधी सूचना दिल्यामुळे तो वाचला, तेव्हा त्या उपालीला अद्वातद्वा बोलल्या. या साऱ्यातून जो नियम निघाला तो असा, की भिक्षुणीने भिक्षूला अपशब्द बोलू नयेत. स्तूप मोडण्याविषयी त्या जागी नियम नाही. त्या थेरीचे नावही ग्रंथात नाही. अमरावतीच्या दानलेखांत ‘अंतेवासिनी’ हा शब्द येतो, ‘उवझायिनी’ म्हणजे उपाध्यायिनी हे पदही येते. शिकविणाऱ्या स्त्रिया होत्या, त्यांच्याजवळ राहून शिकणाऱ्या स्त्रियाही होत्या, आणि महाचैत्याच्या बांधणीला त्यांनी आपला वाटा दिला होता. कोणाला ठिकाण मिळावे आणि कोणाच्या शोकाचा आवाज सहन केला जावा, हा प्रश्न म्हणजे स्तूपांच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

हा इतिहास प्राचीन काळापाशी थांबत नाही. मद्रास आणि महाराष्ट्र यांना जोडणारी त्याची अर्वाचीन शाखा अभ्यासकांनी फारशी न चाळलेली आहे. तमिळ पंडित अयोद्धिदासर (१८४५–१९१४) यांनी १८९८ मध्ये सिंहलद्वीपात जाऊन हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांकडून पंचशील घेतले आणि मद्रासला परतून शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९०२ मध्ये, गोव्याच्या धर्मानंद कोसंबींना कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात श्रामणेर-दीक्षा मिळाली तीही सुमंगलांकडूनच. एकाने तमिळमध्ये आणि दुसऱ्याने मराठीत बुद्धविचार पुन्हा बोलका केला, आणि दोघांची दिशा कोलंबोतील एकाच आचार्याकडे वळत होती. मद्रासच्याच वर्तुळातील पी. लक्ष्मी नरसू या विज्ञानाच्या प्राध्यापकांनी बौद्ध धर्माच्या साराविषयी १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रस्तावनेसह पुन्हा प्रसिद्ध केला. नरसू तोवर हयात नव्हते. ज्याच्या ग्रंथाने आपल्या विचाराला साह्य केले, त्याचा ग्रंथ पुन्हा वाचकांसमोर ठेवणे हीही एक प्रतिष्ठापनाच होय.

बाबासाहेबांच्या बाबतीत स्तूपाची परंपरा महाराष्ट्रात शब्दशः पुन्हा अवतरली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाला. त्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांच्या स्नुषा मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. या ठिकाणाला ‘समाधी’ म्हटले गेले नाही, ‘स्मारक’ हा शब्दही रूढ झाला नाही. लोकांनी ‘चैत्यभूमी’ हा शब्द स्वीकारला. भाजे-बेडश्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी एका आचार्याचा स्तूप त्याच्या अनुयायांनी बांधला, आणि त्यासाठी प्राचीन परिभाषाच उचलली. दर ६ डिसेंबरला लाखोंचा समुदाय तेथे येतो. रांगेत उभा राहतो, वंदन करतो, आणि परतताना पुस्तके विकत घेतो. धर्माचा शब्द हाच धातू, ही कान्हेरीच्या मातीच्या मुद्रांतील धारणा शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या दुकानांत नव्या अर्थाने जिवंत झालेली दिसते.

अर्वाचीन स्तूपांनी एक मूलभूत बदलही केला आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. मुंबईत गोराई येथे उभ्या राहिलेल्या विश्व विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी केले. पॅगोडाचे प्रवर्तक सत्यनारायण गोएंका यांनी आपले ब्रह्मी आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याविषयीची कृतज्ञता म्हणून तो उभारला. ऊ बा खिन १९७१ मध्ये निवर्तले होते. ब्रह्मदेशाच्या सरकारचे महालेखापाल असलेल्या या गृहस्थ गुरूला शिष्याने सुमारे ३२५ फूट उंचीची वास्तू अर्पण केली. या दोन्ही स्तूपांची पोटे पोकळ आहेत. सांची, अमरावती, भाजे येथे स्तूप भरीव असे, आत केवळ धातूला जागा होती, माणसाने बाहेरून फिरावयाचे. दीक्षाभूमीत माणसे आत जाऊन वंदन करतात. गोराईच्या घुमटाखाली सुमारे आठ हजार साधक एका वेळी ध्यानाला बसू शकतात, आणि धातू त्यांच्या डोक्यावर, घुमटाच्या मध्यशिलेत आहे. अंतेवासीला पुन्हा एकदा गुरूच्या जवळ राहावयास जागा मिळाली आहे. प्रदक्षिणेचे सामूहिक बैठकीत झालेले हे रूपांतर स्थापत्यापुरते नाही. ते गुरुशिष्य-नात्याच्या बदलत्या कल्पनेचेही द्योतक आहे.

मृत आचार्यांचे धातू पुन्हा ठिकाणावर येऊ शकतात, याचाही दाखला आपल्याच काळात मिळाला. सांचीहून इंग्लंडला गेलेले सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांचे धातू १९४७ मध्ये तेथून निघाले, सिंहलद्वीपमार्गे १९४९ मध्ये कलकत्त्याला आले, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या उपस्थितीत सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. इंग्लंडमध्ये ते संग्रहालयातील वस्तू होते. टेकडीवर परत येताच ते पुन्हा दोन आचार्य झाले.

अमरावतीच्या शिलांना तसे परतणे शक्य नाही. त्यांचा मध्यच उरलेला नाही, आणि मद्रासला आल्या नसत्या तर त्यांतील कित्येक चुन्याच्या भट्टीत गेल्या असत्या, हेही तितकेच खरे. चेन्नईने त्यांना वाचविले, याबद्दल कृतज्ञ असावयास हवे. मात्र त्या पट्टांवरील आकृती पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्तूपाभोवती कोरलेले स्त्रीपुरुष कलाकृती न्याहाळीत नाहीत. त्यांचे हात जुळलेले आहेत आणि प्रत्येकाचे मुख मध्याकडे वळलेले आहे. याच चेन्नईत, गिंडी येथे, डिसेंबर २०२३ मध्ये अयोद्धिदासरांचे स्मृतिमंडप उघडण्यात आले. त्यांच्या मृत्यूला तेव्हा एकशे नऊ वर्षे होऊन गेली होती. बुद्धरुचीने सारिपुत्रासाठी चैत्य उभारला त्या मानाने हा उशीर अल्पच म्हणावयाचा. आचार्याचे नाव कोणी घेतले की दिशा पुन्हा ठरते. मावळातल्या कातळावर आषाढमित्राने कोरविलेले एक वाक्य अजून वाचता येते, आणि ते वाचणारा प्रत्येक जण क्षणभर तरी गोभूतींच्या दिशेला वळतो.